सोळा ठिपके आणि एक बाण

माझं नाव आजवर कुठल्याही पाटीवर आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट समजेल. ऑफिसात माझ्या टेबलावर ‘हेडक्लार्क’ एवढीच पाटी आहे. उद्या माझी बदली झाली तरी ती तिथेच राहणार. घराच्या दारावरची पाटी हिच्या नावाची आहे, कारण घर हिच्या नावावर आहे. खालच्या टपालपेटीवर आमच्या आधीच्या घरमालकांचं नाव आहे. ते खरवडायला मी दर दिवाळीच्या साफसफाईच्या उत्साहात खाली उतरतो, एक अक्षर खरवडायला घेतो आणि कोणीतरी हाक मारतं. बावीस वर्षांत तीन अक्षरं गेली. आता ते नाव कोणाचंच नाही.

तर अशा माणसाच्या इमारतीत एके दिवशी अग्निशमन कार्यालयाचं पत्र येतं. प्रत्येक इमारतीने एक ‘संपर्क व्यक्ती’ नेमावी. आपत्तीच्या वेळी कोणत्या घरात कोण आहे, कोणाची किल्ली कुठे आहे, हे जिला ठाऊक असेल अशी. त्या व्यक्तीचं नाव दोन फूट बाय दीड फुटाच्या लाल फलकावर, पांढऱ्या ठळक अक्षरांत, प्रवेशद्वाराशी लावावं. मुदत एक महिना. ‘ठळक’ हा शब्द अध्यक्षांनी वाचला तेव्हा माझ्या हातातली पिशवी खाली पडली. अंडी होती. पण ते जाऊ द्या.

आमचे अध्यक्ष म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. बोलताना ते सवयीने समोरच्याच्या तोंडात बघतात, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी फारसं तोंड उघडत नाही आणि आमच्या सभा लवकर संपतात. त्या दिवशी मात्र तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर घसा खाकरून पुढे आले.

“यात विचार करण्यासारखं आहे काय?” ते म्हणाले. “आयुष्यभर पत्ते पाठ केलेत मी.”

“पत्ता माहीत असणं वेगळं आणि माणूस माहीत असणं वेगळं,” मी म्हणालो. वाक्य चांगलं होतं. फक्त त्या वेळी माझ्या बुटावरून अंड्याचा बलक ओघळत होता.

“भाऊसाहेब, पोस्टमास्तर, भांडू नका,” अध्यक्ष म्हणाले. मला इमारतीत सगळे भाऊसाहेब म्हणतात. “तीन आठवड्यांनी रविवारी अकरा वाजता सभा घेऊ. पण आधार काहीतरी हवा. नाहीतर जिन्याच्या रंगासारखं व्हायचं.” जिन्याचा रंग ठरवायला आम्ही चार मजल्यांवर चार नमुने लावले होते. त्याला सहा वर्षं झाली. नमुने अजून आहेत.

आधार! तो शब्द डोक्यात घेऊनच मी घरी आलो आणि बघतो तर आधार माझ्याच जेवणाच्या टेबलावर पसरलेला. आमची लेक गणितात एम.एस्सी. करते. तिच्या उघड्या पुस्तकात पानभर ठिपके होते आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. मला वाटलं रांगोळीचं पुस्तक आहे. ती म्हणाली, “बाबा, ही माणसं आहेत.”

मग तिने जे सांगितलं त्याने मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. माणूस म्हणजे ठिपका. दोन माणसांचा संबंध म्हणजे रेघ. असं जाळं काढलं की कोण मध्यभागी आहे आणि कोण कडेला, हे मोजता येतं. कोणाला किती रेघा आहेत, हे एक माप. एकाचा निरोप दुसऱ्याकडे जाताना वाटेत कोण लागतो, हे दुसरं माप. एखाद्याला जाळ्यातून काढलं तर जाळ्याचे किती तुकडे होतात, हे तिसरं.

“म्हणजे इमारतीतला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस कोण, हे गणिताने सिद्ध होतं?”

“होतं की. पण महत्त्वाचा म्हणजे काय, ते आधी ठरवावं लागतं. आणि रेघ कुठून कुठे जाते, तेही.”

तिची शेवटची दोन वाक्यं मला नंतर आठवली. त्या क्षणी मी पट्टी शोधत होतो. बावीस वर्षं मी ज्या जिन्याने चढतोय-उतरतोय, तिथे चक्क गणित नांदत होतं आणि आपल्याला पत्ता नाही! रविवारच्या सभेत एक भलामोठा तक्ता लावायचा, त्यावर सोळा घरांचे सोळा ठिपके, आणि मधोमध... मधोमध कोण येईल ते गणितच ठरवील. पण मला अंदाज होता.

पत्रात किल्लीचा उल्लेख होताच, म्हणून मी रेघेसाठी किल्लीच धरली. माणूस हसतो अनेकांशी, किल्ली देतो मोजक्यांना. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी चौथ्या मजल्यापासून सुरुवात केली आणि पहिल्याच दारात विचारलं, “तुम्ही बाहेर जाताना घराची किल्ली कोणाकडे ठेवता?”

दाराला साखळी लागली. पुढच्या दारात आधी साखळी आणि मग मी, असा क्रम झाला. तिसऱ्या दारातल्या बाईंनी, “कोणाकडेच नाही, आणि आमच्याकडे चोरण्यासारखं काही नाहीच मुळी,” असं न विचारता सांगितलं. मी खाली पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती.

“अहो, कमाल आहे तुमची!” ही म्हणाली. “घरोघरी जाऊन किल्ली कुठे असते विचारताय, आणि वर लिहून घेताय! प्रश्न उलटा करा ना. तुमच्याकडे कोणाकोणाच्या किल्ल्या असतात, असं विचारा. आपल्यावर कोण विश्वास टाकतं, ते सांगायला माणसाला आवडतं.”

हिच्या बुद्धीला मी मनातल्या मनात दाद दिली. उघड दिली तर पुढे तिचा हिशोब ठेवावा लागतो. प्रश्न उलटा केला आणि काय सांगू, दारं सताड उघडली. लोक आत बोलवू लागले. चष्म्यांचं दुकान असलेले आमच्या समोरचे शेजारी तर खुंटीवरून किल्ली काढूनच दाखवायला निघाले. मी म्हणालो, “दाखवू नका, फक्त चिठ्ठीवर लिहा. गोपनीय आहे.” पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवरून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी उभ्या उभ्या भराभर नावं लिहिली आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, खुंटीवर जागा उरली नाही हो. तुमच्याकडे तो हुकांचा बोर्ड आहे ना?”

आहे. वाढदिवसाला लेकीने दिलेला. बारा हुक, शिसवी लाकूड. सध्या त्यावर एक छत्री आणि बूट घालायचा चमचा आहे. पण योग्य वस्तू योग्य वेळी येतात, असं मी त्यांना सांगितलं.

तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या हेडबाईंकडे मी शेवटी गेलो. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, तरी त्यांच्या दारात उभं राहिलं की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. त्यांनी चिठ्ठी घेतली, शाईच्या पेनाने एक शब्द लिहिला आणि परत दिली. ‘नाही.’ पुढे पूर्णविरामसुद्धा होता.

“एखादी तरी असेल,” मी म्हणालो.

“असती तर लिहिली असती,” त्या म्हणाल्या आणि माझ्या वहीतल्या ‘सर्वेक्षण’ शब्दाची एक मात्रा दुरुस्त केली.

पहिल्याच रविवारी दुपारी मी पंधरा चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. सोळावी माझी. ती मी कोरीच ठेवली, कारण शास्त्रज्ञाने स्वतःच्या प्रयोगात ढवळाढवळ करू नये. एकेक चिठ्ठी उघडून मी प्रत्येक नावापुढे खूण करत गेलो. तिसऱ्या चिठ्ठीत माझं नाव. पाचव्या चिठ्ठीत माझं नाव. अध्यक्षांच्या चिठ्ठीत माझं नाव! पोस्टमास्तरांच्या चिठ्ठीत, त्या खवचट म्हाताऱ्याच्या स्वतःच्या अक्षरात, माझं नाव! मी ओरडलो तेव्हा ही स्वयंपाकघरातून पळत आली. तिला वाटलं पाल पडली.

“सात!” मी म्हणालो. “सात चिठ्ठ्यांत माझं नाव आहे. दुसरा नंबर कोण, तर कोणीतरी तीनवर. पोस्टमास्तर दोन!”

“कसल्या चिठ्ठ्या?” ही म्हणाली आणि बघायला वाकली, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि गेली. ती कुकरची शिट्टी जर अर्ध्या मिनिटाने झाली असती, तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती.

मी तक्ता करायला घेतला. चार मोठे कागद जोडून एक. ज्याचं नाव जितक्या चिठ्ठ्यांत, तितका त्याचा ठिपका मोठा. माझा ठिपका मी आमटीच्या वाटीने आखला. पोस्टमास्तरांचा शर्टाच्या बटणाने. नर्सबाईंचं नाव फक्त एका चिठ्ठीत होतं, म्हणून त्यांचा ठिपका मोहरीएवढा काढून तक्त्याच्या कडेला ठेवला. त्यांच्या बाबतीत एक अडचण मात्र झाली. त्यांनी स्वतःच्या चिठ्ठीत सहा नावं लिहिली होती, त्यामुळे कडेच्या त्या मोहरीपासून सहा लांबच लांब रेघा निघून सगळा तक्ता आडवातिडवा कापत गेल्या. इतक्या बिनमहत्त्वाच्या ठिपक्याने इतकी जागा अडवावी, याचा मला थोडा रागच आला. हेडबाईंच्या ठिपक्याला एकही रेघ नव्हती. तो मी उजव्या कोपऱ्यात वर ठेवला. तिथे कागदही जरा डागाळलेला होता.

लेक मागे येऊन उभी राहिली. “बाबा, रेघांना बाण काढ ना. किल्ली कोणाची आणि कोणाकडे, ते कळायला हवं.”

मी रद्दी कागदावर एक बाण काढून बघितला. जाड मार्करने तो कावळ्याच्या पायासारखा दिसला. “तक्ता घाण होतो,” मी म्हणालो. “विश्वासाला कसली दिशा? आहे किंवा नाही.”

“तसं नसतं बाबा. तू प्रश्न काय विचारला होतास?”

“तुझी परीक्षा कधी आहे?” मी विचारलं. ती अभ्यासाला गेली.

तक्ता गुप्त ठेवायचा होता. पण आमच्या घरात चार कागदांएवढी भिंत फक्त दारासमोरच आहे, आणि दार उघडं ठेवल्याशिवाय वारा येत नाही. दोन दिवसांत आख्खी इमारत या ना त्या कारणाने येऊन गेली. मग सल्ले सुरू झाले. चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आमचा ठिपका त्यांच्या ठिपक्याशेजारून हलवा, आमचं बोलणं नाही. ज्यांचं नाव तीनदा आलं होतं त्या बाई म्हणाल्या, “मी एवढी जाड दिसते का हो?” त्यांच्या समाधानासाठी मी ठिपका खोडून लहान केला, तर संध्याकाळी त्यांचे यजमान विचारायला आले की आमचं वजन कमी कसं झालं.

त्यातच लेकीने चष्मेवाल्यांना, मापं बरीच असतात, असं सहज सांगितलं आणि माझ्या डोक्याचा ताप वाढला. चष्मेवाल्यांनी ‘वाटेत कोण लागतो’ हे माप धरलं, कारण त्यांचं दार लिफ्टसमोर आहे. अध्यक्षांना ‘सगळ्यांना सरासरी कोण जवळ पडतो’ हे पटलं. चारमजली इमारतीत ते दुसऱ्यावर राहतात. पोस्टमास्तरांनी तर लेकीचं पुस्तकच मागून नेलं आणि तिसऱ्या दिवशी विजयी मुद्रेने वर आले.

“भाऊसाहेब, ठिपके मोजणं हा बाळबोधपणा झाला. महत्त्वाच्या माणसांशी ज्याची रेघ, तो महत्त्वाचा! पान एकशे चौदा. अध्यक्षांची किल्ली माझ्याकडे आहे.”

“महत्त्वाचा कोण ते आधी माहीत असेल, तर मोजायचं कशाला?”

“त्याचंही उत्तर आहे त्यात. पान एकशे पंधरा. पण तिथे सगळे कंस आहेत.” त्या कंसांपुढे आम्ही दोघेही नमलो आणि चहा घेतला. चहा घेताना मला त्यांची कीव आली. बिचाऱ्याचं बटण आणि माझी वाटी.

सभेच्या आधी अग्निशमन कार्यालयाकडून निवडीच्या पद्धतीला मंजुरी घ्यावी, म्हणजे नंतर कोणी तोंड उघडणार नाही, असं मी ठरवलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तक्त्याची गुंडाळी घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने तक्ता उलगडला, चष्मा वर केला, खाली केला.

“नकाशाचं प्रमाण?” त्याने विचारलं. “एक सेंटीमीटर म्हणजे किती मीटर?”

“साहेब, हा माणसांच्या संबंधांचा नकाशा आहे.”

“असू दे. प्रमाण लागतं. जिना दाखवलेला नाही. पाण्याची टाकी नाही. आणि दिशा?” तो मला दोन खिडक्या फिरवून परत स्वतःकडे घेऊन आला आणि त्याने तक्त्याच्या पाठीमागे लाल शाईने शेरा मारला: ‘दिशा दर्शविलेली नाही. दुरुस्तीसह सादर करावे.’

मीही हेडक्लार्क आहे. असे शेरे मी आयुष्यभर मारत आलोय. पण स्वतःच्या कामावर मारला की कसं झोंबतं ते त्या दिवशी कळलं. तिथल्या तिथे मार्कर काढून मी कोपऱ्यात एक सुबक बाण काढला आणि त्यावर ‘उत्तर’ असं लिहिलं. सबंध तक्त्यावरचा तो एकमेव बाण. घरी आलो तर दाराला कुलूप, ही बाहेर, आणि किल्ली मी आत विसरलेलो. किल्ली घरात असावी असं माझं मतच आहे, बाहेर हरवते. समोरच्या चष्मेवाल्यांकडून आमची किल्ली घेतली, दार उघडलं आणि तक्ता पुन्हा लावला. त्या किल्लीकडे मी एकदाही नीट बघितलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

रविवार उजाडला. मी सकाळपासून तीनदा दाढी केली असती, पण दोनदाच केली. भाषण पाठ होतं. ही आणि लेक खुर्च्या मांडायला खाली गेल्या. जाताना ही म्हणाली, “माझी किल्ली आतच ठेवलीय. तुम्ही मागून कुलूप लावून, किल्ली घेऊन या. घेऊन या हं.” खालच्या भिंतीवर तक्ता चिकटवायचा म्हणून मी कणकेची खळ शिजवली, वाटीत काढली, उरलेली पुन्हा शेगडीवर ठेवली, कारण एक वाटी पुरेल की नाही याची शंका होती. मग तक्ता, खळ, पट्टी आणि भाषणाचा कागद असं सगळं आठवणीने घेतलं. दार मागे ओढलं. ते आपोआप बंद होणाऱ्या कुलपाचं आहे. फार सोयीचं कुलूप.

प्रवेशद्वाराच्या मोकळ्या जागेत झाडून सगळे जमले होते. हेडबाईसुद्धा येऊन मागच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. मी तक्ता लावला आणि पट्टी हातात घेतली. खरं सांगतो, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. लग्नात भाषण नव्हतं.

“मित्रहो,” मी म्हणालो, “इमारत विटांची नसते, विश्वासाची असते. या तक्त्यावर आपल्या सोळा घरांचा विश्वास रेखाटला आहे. हा ठिपका पाहा.” मी पट्टी आमटीच्या वाटीवर ठेवली. “या ठिपक्याला सात घरं जोडलेली आहेत. सात! तो कोणाचा आहे, हे मी सांगणं मला शोभणार नाही. तो माझा आहे.”

पोस्टमास्तरांनी चुळबुळ केली. नर्सबाई स्वतःच्या मोहरीकडे बघत होत्या. मी त्यांना धीर दिला, “वाईट वाटून घेऊ नका. कडेचा ठिपकाही जाळ्याचा भागच असतो.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

“आणि कोपऱ्यातला तो मी का?” मागून हेडबाईंचा आवाज आला. “डागाजवळचा?”

मी हो म्हणालो. त्यांनी फक्त पर्स मांडीवर जवळ ओढली. मला पहिल्यांदाच वाटलं की तो ठिपका आपण दुसरीकडे काढायला हवा होता. पण भाषण पुढे होतं. “तर सात घरं ज्याच्या भरवशावर आहेत, त्या माणसाचं नाव...”

“कसला तरी वास येतोय,” चष्मेवाले म्हणाले.

सगळ्यांनी वर बघितलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळपट धूर निवांतपणे बाहेर येत होता.

“खळ!” मी ओरडलो.

“किल्ली!” ही ओरडली.

मी खिसे चाचपले. एका खिशात भाषणाचं दुसरं पान होतं, दुसऱ्यात मार्कर. हिने माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथे लिहीत नाही. आणि मग ते झालं. अध्यक्ष उठले, “माझ्याकडे आहे!” चष्मेवाले उठले, “आमच्याकडे आहे!” पोस्टमास्तर गुडघे धरत उठले, “थांबा, माझ्याकडे आहे, कपाटात!” चौथ्या मजल्यावरच्या न बोलणाऱ्या दोन्ही बाया एकाच वेळी म्हणाल्या, “आमच्याकडे आहे!” एक, दोन, तीन करत सात माणसं उठली आणि जिन्याकडे धावली. खाली बसलेल्यांनी एकदा त्या धावणाऱ्यांकडे बघितलं, एकदा तक्त्यावरच्या माझ्या वाटीला जोडलेल्या सात रेघांकडे, आणि एकदा माझ्याकडे.

मी धावलो, पण शेवटून दुसरा. माझ्या मागे फक्त पोस्टमास्तर होते. वर पोचलो तर दारापुढे पाच-सहा जण माझीच किल्ली घेऊन गर्दी करून होते आणि एकाचीही लागत नव्हती. घाईत चष्मेवाल्यांनी त्यांच्या दुकानाची आणली होती. अध्यक्ष कुलपात वाकून दाढ तपासावी तसं बघत होते. तेवढ्यात नर्सबाई पहिल्या मजल्यावरच्या आपल्या घरून किल्ली घेऊन आल्या, “जरा सरका,” म्हणाल्या, दार खांद्याने थोडं उचललं, किल्ली डावीकडे फिरवली आणि दार उघडलं. आत जाऊन शेगडी बंद, खिडक्या उघड्या, पातेलं नळाखाली. पातेल्याच्या बुडाला जे होतं ते अजून तिथेच आहे. बाकी काही झालं नाही.

“या कुलपाला असं उचलावं लागतं, हे तुम्हाला कसं माहीत?” मी विचारलं.

“भाऊसाहेब, गेल्या वर्षी चार वेळा मीच उघडून दिलंय ना तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “पोस्टमास्तरांचं दार उजवीकडे दाबावं लागतं. अध्यक्षांचं दोनदा फिरवावं लागतं. सहाही दारांची खोड वेगळी आहे.”

आम्ही सगळे पुन्हा खाली आलो. लेक तक्त्यापाशी उभी होती आणि तिच्या हातात मार्कर होता, पण तिने काही काढलं नव्हतं. माझ्यासाठी थांबली होती. अखेर हीच बोलली, तिच्या नेहमीच्या आवाजात.

“अहो, सात घरं तुमच्या भरवशावर नाहीत. तुम्ही सात घरांच्या भरवशावर आहात.”

पहिले हसले ते पोस्टमास्तर. मग सगळेच. अध्यक्ष इतके हसले की आम्हाला त्यांचेच दात पहिल्यांदा नीट दिसले. मी पट्टी हातात धरून उभा होतो आणि माझे कान तापले होते. प्रश्न उलटा केला होता मी. उत्तरही उलटं वाचायचं असतं, हे राहून गेलं. मोठा ठिपका म्हणजे मोठा वेंधळा, एवढंच त्या तक्त्याने सिद्ध केलं होतं, आणि ते मी स्वतःच आमटीच्या वाटीने आखून भिंतीवर चिकटवलं होतं.

त्या क्षणी दोनच मार्ग होते. पळून जायचा मार्ग बंद होता, कारण घराची किल्ली नर्सबाईंच्या हातात होती. म्हणून मी लेकीकडून मार्कर घेतला, कडेच्या मोहरीपाशी गेलो आणि तिच्यापासून निघालेल्या सहा रेघांना सहा बाण काढले, सगळे तिच्याकडे येणारे. कावळ्याचे पाय तर कावळ्याचे पाय. मग तिच्याभोवती एक मोठं वर्तुळ काढलं. घाईत ते बटाट्यासारखं आलं.

“संपर्क व्यक्ती म्हणून मी नर्सबाईंचं नाव सुचवतो,” मी म्हणालो.

“अनुमोदन,” पोस्टमास्तर म्हणाले. आणि मग माझ्या कानाशी वाकून, “शेवटी माप चांगलं निघालं हो, भाऊसाहेब.” टाळ्या वाजल्या. मला वाईट वाटत होतं आणि तरीही मी सगळ्यांत जोरात वाजवत होतो. गणित खरं ठरलं होतं, याचा आनंद काही केल्या आवरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली. पातेलं घासत होतो. हिने ते काम मला दिलं होतं आणि मुदत दिली नव्हती. दारावर टकटक झाली. उघडलं तर हेडबाई. माझे हात आपोआप पाठीमागे गेले, घासणीसकट.

“आत येऊ का?” त्यांनी विचारलं आणि आल्या. खुर्चीवर बसल्या. तक्ता मी गुंडाळून कपाटावर टाकला होता, तिकडे त्यांनी बघितलं.

“बाई, त्या ठिपक्याचं मला फार...”

“बोलू द्या मला,” त्या म्हणाल्या. “गेल्या महिन्यात माझ्या न्हाणीघराची कडी आतून अडकली. सकाळी नऊला. साडेअकराला फरशी घासायच्या ब्रशच्या दांड्याने उघडली. अडीच तास मी आत विचार करत होते की हाक मारली तर कोण येईल, आणि आलं तर दार कसं उघडेल. मारलीच नाही हाक.” त्यांनी पर्सचा पट्टा सरळ केला. “हे मी कोणाला सांगितलेलं नाही. काल तो ठिपका बघितला आणि वाटलं, बरोबर काढलाय तुम्ही.”

घासणीतून पाणी माझ्या टाचेवर ठिबकत होतं.

“किल्ली नर्सबाईंकडे द्यावी, असं सगळे म्हणतील,” त्या पुढे म्हणाल्या. “त्यांच्याकडे सहा आहेत, त्यांना ड्यूटी आहे. आणि खरं सांगू? ज्यांना कधीच कोणाची गरज पडत नाही, त्यांच्याकडे काही मागायला मला लाज वाटते. तुमचं तसं नाही. तुम्ही सात घरांचे दरवाजे बिनधास्त वाजवता. काल तुमच्यासाठी सात माणसं धावली. माझ्यासाठी तुम्ही ओरडलात, तर तीच सात धावतील.”

त्यांनी पर्स उघडून टेबलावर किल्ली ठेवली. आणि तिच्याशेजारी दुसरी ठेवली. दोन्ही सारख्याच.

“दोन कशाला?” मी विचारलं.

“एक तुम्ही हरवाल म्हणून,” त्या म्हणाल्या, उठल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, “दुपारी एकदा बेल वाजवत जा. आणि टपालपेटीवरचं ते नाव पूर्ण खरवडून टाका. अर्धं काम दिसायला वाईट दिसतं.”

मी ताबडतोब खाली गेलो आणि ते नाव पूर्ण खरवडलं. मध्ये दोघांनी हाक मारली, थांबलो नाही. वर आलो. शिसवी बोर्डावरून छत्री आणि बुटाचा चमचा काढला आणि दोन्ही किल्ल्या शेजारी-शेजारी लावल्या. लांबून बघितलं, जवळून बघितलं. हिला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवल्या. लेकीला फोन करून वर्गातून बाहेर यायला लावलं आणि सांगितलं.

मग तक्ता कपाटावरून काढला, जमिनीवर पसरला आणि उजव्या कोपऱ्यातल्या त्या एकट्या ठिपक्यापासून माझ्या वाटीपर्यंत एक रेघ ओढली. लांब होती, पट्टी दोनदा सरकवावी लागली. शेवटी मार्कर टेकवला आणि बाण काढला. त्याचं टोक कोणत्या बाजूला आहे, हे मी तीनदा तपासलं.